आम्ही हार्टचं ऑपरेशन सांगतलं होतं

डॉक्टरनं "ब्रेस्ट कॅन्सर" म्हटलं तेव्हा मी कुंदाकडे पाह्यलं. कुंदा माही बायको. मले वाटलं, हिनं कधी तपासणी करून घेतली अन् मले सांगतलंच नाही. पाहतो तर ती माह्याकडे पाहून राहिली होती. डॉक्टर रिपोर्ट माह्या बाजूनं सरकवून म्हणाले, "लांजेवारजी, आपको है."

मी हसलो. खोटं कावून सांगू, हसलोच. म्हटलं साहेब, फाइल बदलली असेल. मी पुरुष माणूस, सारी जिंदगी भिलाईच्या प्लांटात कोक ओव्हनवर काढली, जिथं दगडी कोळसा भाजून कोक करतात. तिथं माणसाची भाजी होते, ते मले माहीत होतं. पण हे? हे बायांचं दुखणं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगतलं. पुरुषाच्याही छातीच्या बोंडामागं बायांसारखंच मांस थोडं असते, अन् जिथं ते मांस आहे तिथं हा रोग होऊ शकते. कमी लोकांले होते, पण होते. मी ऐकत होतो अन् माह्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, का आता प्लांटच्या कॉलनीत, आमच्या सेक्टरमधल्या लोकांले काय सांगाचं. मराच्या आधी माणसाले शरम येते, हे मले त्या दिवशी समजलं.

गाठ डाव्या बाजूला होती. आंघोळीच्या वेळी साबण लावताना हाताले लागली. हरबऱ्याएवढी, टणक. बोंड थोडं आत ओढल्यासारखं झालं होतं. मी कोणाले दाखवलं नाही. ड्यूटी होती, पोराचं पुण्याले नोकरीचं चाललं होतं, घराची पुताई, म्हणजे रंगरंगोटी, निघाली होती. माणूस एका हरबऱ्यासाठी दवाखान्यात जाते का? तो हरबरा सुपारीएवढा झाला तेव्हा कुंदानं बनियनवरून पाह्यला अन् मले ओढत नेलं; डॉक्टरनं बारीक सुई टोचून पाह्यली, तो पहिला रिपोर्ट त्याचाच. तुमच्यापैकी कोणाले अशी गाठ लागली असेल तर माह्यासारखी पुताई संपाची वाट पाहू नका.

मंग तपासण्या. मॅमोग्राफी म्हणजे छातीचा खास एक्स-रे, त्यात छाती दोन फळ्यांमध्ये दाबतात. माह्या छातीत दाबाले होतं काय? तरी दाबली. बाहेर बाकावर साऱ्या बाया बसलेल्या. खिडकीतला माणूस नाव पुकारे, मी उठून जाऊ, अन् तो म्हणे, भैया, पेशंट को भेजिए. दर वेळी हेच. नंतर बायोप्सी झाली, म्हणजे जाड सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासाले पाठवतात. तुकड्यानंही तेच सांगतलं. काखेतही पसरलं होतं.

ऑपरेशन रायपूरले ठरलं. त्याच्या आधी डॉक्टरनं घरातली चौकशी केली. आई कशानं गेली? मी म्हटलं, तापानं. मी तेव्हा लहान होतो, मले तसंच सांगतलं होतं. बहीण आहे? म्हटलं, आहे, मोठी, दुर्गले बोरसीत राहते. डॉक्टरनं पेन खाली ठेवला. म्हणाले, हा रोग पुरुषाले झाला का आम्ही रक्ताच्या बायांचा विचार आधी करतो. कधीकधी हे घरातून उतरते. बहिणीले तपासाले आणा, लवकर आणा. मी मान हलवली. मान हलवाले काय जाते.

आता अक्काची गोष्ट सांगणं भाग आहे. आई गेल्यावर मले तिनंच वाढवलं. लग्न होऊन ती भंडाऱ्याकडून इकडं आली अन् मागून मलेही बोलावून घेतलं. माह्या जावयानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मले प्लांटात चिकटवलं. जावई आता नाहीत. अक्का मुलगा-सुनेजवळ राहते. अशा बहिणीपुढं बसून मी कसं सांगू का मले छातीचा, बायांसारखा...? तिच्यापुढं तर मी शर्टही काढत नव्हतो.

तेव्हा आम्ही हार्टचं ऑपरेशन सांगतलं. सुरुवात कुंदानं केली. शेजारणीनं फोनवर विचारलं अन् हिच्या तोंडून निघून गेलं, का ह्यांच्या छातीचं ऑपरेशन आहे. तिकडून आवाज आला, हार्ट का? ही म्हणाली, हो. बस. डावी बाजू होती, बात जमून गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी म्हटलं. मंग अक्कालेही तेच सांगतलं. डॉक्टरची गोष्ट मनात होती, पण मी ठरवलं, का एकदा जखम भरू दे, मंग चांगल्या मनानं सांगू.

ऑपरेशनचं नाव मॉडिफाइड रॅडिकल मॅस्टेक्टॉमी. मतलब असा, का छातीचा तो सारा भाग, वरच्या कातडीसकट, अन् काखेतल्या गाठीही काढून टाकतात. शुद्धीवर आलो तर डावी बाजू सपाट, पट्टी, अन् पट्टीतून एक नळी निघून डब्यात गेलेली. तिले ड्रेन म्हणतात. आत जमणारं लालसर पाणी त्यातून बाहेर येते. दुखणं मले वाटलं त्याहून कमी होतं. उलट काखेपासून दंडापर्यंत अन् साऱ्या छातीवर काहीच समजत नव्हतं. बोट लावलं तर लाकडाले लावल्यासारखं. मी खुश झालो. म्हटलं, बरं आहे, दुखत तर नाही.

सुट्टी द्याच्या दिवशी सिस्टरनं सगळ्या ऑपरेशनवाल्यांले व्हरांड्यात बसवलं. हात कसा उचलाचा, घरी काय जपाचं, ते शिकवाले. कुंदा औषधाच्या लायनीत होती. मी गेलो तर पाच-सहा बाया अन् मधात मी, निळा गाऊन घालून. सिस्टर सांगू लागली, का ब्लाउज ढिला घाला, त्या हातात चुडी नका घालू, तवा उचलताना जपा. एक म्हातारी बाई माह्याकडे पाहून पदरात हसली. लघवीले जातो म्हणून मी उठलो अन् खाली कँटीनच्या बाकावर जाऊन बसलो. मागं सिस्टर आणखी काय बोलली, ते मले माहीत नाही. ज्यांले असं बसवतील त्यांले माहं सांगणं आहे, पुरुष असा का बाई, शेवटपर्यंत बसा.

घरी आल्यावर लोक आले. सेक्टरचे लोक वाईट नाहीत, आजाऱ्याच्या घरी आधी पोचतात. बायपास झाली का स्टेंट टाकला, असं विचारलं. मी म्हटलं, दोन नळ्या ब्लॉक होत्या. तिसऱ्या माणसापर्यंत मी इतकं छान सांगू लागलो, का कोणती नळी किती टक्के, तेही माह्या तोंडात आलं. कोणी लसूण आणला, कोणी अर्जुनाची साल. कुंदा स्वयंपाकघरात तोंडावर हात देऊन उभी राहत होती. हसत होती का रडत होती, मी विचारलं नाही.

ड्रेन काढल्यावर सूज सुरू झाली. कातडीखाली पाणी जमलं, चाललो का हलत होतं. त्याले सेरोमा म्हणतात. डॉक्टरनं सुईनं काढलं, ते पुन्हा भरलं. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. मंग हात सुजू लागला. बोटं उडदाच्या वड्यासारखी झाली, शर्टाची बाही चढेना. ह्या सुजीले लिम्फेडेमा म्हणतात. साऱ्यांच्याच काखेत बारीक गाठी असतात, हातातलं पाणी त्यांच्यातून गाळून पुढं जाते. गाठी काढल्या का त्याची वाट बंद, अन् ते हातातच थांबते. टाक्यांच्या रेघेवर एक जागा ओलीच राहिली. बाकी सारं मिटलं, तेवढी फट मिटत नव्हती.

डॉक्टरनं स्पष्ट सांगतलं होतं, का पुढं रेडिएशन आहे, म्हणजे मशीनच्या किरणांनी उरलेला रोग जाळणं. पण जखम पूर्ण भरल्याशिवाय ते सुरू होत नाही, अन् फार उशीर झाला तर काखेत पसरलेल्याचा भरवसा नाही. तेव्हा माहं सारं जगणं त्या एका फटीवर आलं होतं. सकाळी उठलो का आधी पट्टी पाहणं. कुंदाले विचारणं, आज सुकी आहे का? ती म्हणे, आहे थोडी. मले तिच्या आवाजावरून समजे, का नाही.

थंडीचे दिवस होते. अक्का बोरसीहून ऑटोनं येऊन बसे, कुंदाले जरा आराम मिळे. पट्टीच्या वेळी आम्ही तिले बाहेर पाठवत होतो. पण हात तर तिले दिसत होता. एक दिवस तिनं माहा पंजा धरला अन् म्हणाली, "मधू, हे पाणी धरलं आहे. शेकल्याबिगर नाही उतरणार."

इकडच्या घराघरात फायर ब्रिकचा एखादा तुकडा सापडतोच. भट्टीच्या आत लावतात ती वीट, जुनी झाली का फेकतात, अन् लोक घरी आणतात. कोणी दाराले अटकवाले ठेवते, कोणी लोणच्यावर दाब म्हणून. अन् कंबर धरली, खांदा धरला, तर तीच वीट तापवून, गमछ्यात गुंडाळून शेकाचं. साधी वीट लवकर थंडी पडते, ही तास-तासभर गरमी धरते. अक्कानं आमच्या घराण्यातल्या बाळंतिणी ह्याच विटेनं शेकल्या. अन् मी कोक ओव्हनचा माणूस, मले कोणी सांगाले पाहिजे का आगीनं काय काय होते? उलट मलेच वाटलं, इतके दिवस आपल्या ध्यानात कसं आलं नाही.

कुंदा भाजी आणाले गेली होती. अक्कानं अंगणात गोरसी पेटवली. गोरसी म्हणजे इकडची मातीची शेगडी. वीट तापली, गमछ्यात गुंडाळली, अन् मी शर्टाच्या आतून, पट्टीच्या जरा बाजूनं, काखेजवळ धरली. जिथं सूज जास्त होती तिथं. काहीच लागेना. मी म्हटलं, अक्का, ही तर थंडी आहे. तिनं पुन्हा तापवली. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा ती वीट आणून देऊ लागली तर गमछ्यावरून तिच्या बोटाले चटका बसला अन् तिनं हात झटकला. मी वरतून तिले चिडवलं, का म्हातारी झाली तू, तुले हे गरम लागते. अन् धरली. चांगली दाबून धरली. बरं वाटून राहिलं असं मी तिले सांगत होतो, अन् मनानं मले खरंच बरं वाटत होतं.

कुंदा आली. तिनं पिशवी खाली ठेवली अन् म्हणाली, अजी, कसला वास येऊन राहिला?

तिनं शर्ट वर केला. मी तिचं तोंड पाह्यलं, मंग खाली पाह्यलं. काखेखालची कातडी पांढरी पडली होती, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी, अन् कडेनं फोड उठले होते. माह्या अंगावर. मी त्याच्याकडे पाहत होतो अन् मले काही, काहीच दुखत नव्हतं. कॅन्सर ऐकला तेव्हा मी हसलो होतो. त्या दिवशी हसू आलं नाही. आपलंच अंग आपल्यापुढं जळलं अन् आपल्याले खबर नाही, ह्याच्याएवढा झटका मले आयुष्यात बसला नाही.

डॉक्टर फार चिडले. म्हणाले, "आपको सिस्टर ने नहीं बताया था?" मले कँटीनचा बाक आठवला. त्यांनी सांगतलं, काखेतल्या गाठी काढताना बारीक नसा कापल्या जातात, म्हणून तिथं गरम-थंड समजत नाही. अन् शेकल्यानं ही सूज उतरत नाही, वाढते, कारण गरमीनं त्या भागात आणखी पाणी येते. हे सुट्टीच्या दिवशी प्रत्येक पेशंटले सांगतात. चटका खोल होता. आधीच्या फटीपर्यंत जखम एक झाली. रेडिएशन पुढं ढकललं, किती ते सांगता येत नाही म्हणाले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. जाता जाता त्यांनी विचारलं, बहन की जाँच हुई? म्हटलं, होऊन राहिली.

अक्का आमच्याकडं याची बंद झाली. मुलानं फोनवर सांगतलं, का आई म्हणते, माह्या हातानं मधू जळला, हार्टच्या पेशंटले मी जाळला, मी तोंड कसं दाखवू. जेवण धड करत नव्हती. नातवाले उचलून घेत नव्हती, का माहे हात खराब आहेत. मी फोनवर समजावलं, तुही गलती नाही अक्का. ती म्हणे, मंग कोणाची? अन् मी तिथंच अडकत होतो. हार्टच्या ऑपरेशनमध्ये काखेची कातडी सुन्न होत नाही. तिच्या माथ्यावरचं उतरवाचं तर मले खरं सांगणं भाग होतं, दुसरा रस्ताच नव्हता.

एका दुपारी कुंदानं अन् मी ऑटो केला अन् बोरसीले गेलो. अक्का आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. वाळली होती. मी दार लोटलं, कुंदाले बाजूला उभी केली अन् तिच्यापुढं शर्ट काढला. साठीला आलेला भाऊ, बहिणीपुढं उघडा. डावी बाजू सपाट, तिच्यावर आडवी रेघ, खाली पट्टी. म्हटलं, अक्का, हार्ट नाही. मले छातीचा कॅन्सर होता. बायांले होते तोच. म्हणून ही जागा सुन्न आहे, म्हणून मले वीट समजली नाही. तुही गलती नाही. मी लपवलं.

मले वाटलं रडेल, शिव्या देईल. ती त्या रेघेजवळ वाकली. मंग हळूच बोलली.

"गाठ दुखत होती का?"

"नाही."

"नाहीच दुखत," अक्का म्हणाली. "आईचीही नव्हती दुखत."

मी म्हटलं, आई तर तापानं गेली. ती म्हणाली, ताप शेवटी आला. आधी छातीत गाठ होती, मंग ती फुटली. घरात ठरलं होतं, ताप सांगाचा. मी मोठी होती, मी कपडे धूत होती म्हणून मले माहीत.

मी पलंगाच्या काठावर बसलो. अन् मंग माही नजर तिच्या हाताकडे गेली. बोलता बोलता तिनं पदर छातीशी घट्ट धरला होता, डाव्या नाही, उजव्या बाजूनं, अन् मूठ सोडत नव्हती. कुंदानं ते माह्या आधी पाह्यलं. ती पुढं झाली, अक्काजवळ बसली अन् तिच्या मुठीवर हात ठेवला. विचारलं, कधीपासून? अक्का म्हणाली, माहे मालक गेले त्या साली लागली हाताले. भावाले काय सांगाचं अशी गोष्ट.

मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. ऑपरेशन थिएटरात जाताना मी इतका भेलो नव्हतो. डॉक्टरनं लवकर म्हटलं होतं. अन् मी जखम भराची वाट पाहत होतो.

दुसऱ्याच दिवशी तिले नेलं. तिची गाठ माह्याहून मोठी निघाली. तिच्यासाठी आधी केमोथेरपी ठरली, म्हणजे शिरेतून औषध देऊन गाठ बारीक करणं, मंग ऑपरेशन. डॉक्टरनं तिले नाही, मले सांगतलं, का लवकर आले असते तर सोपं होतं, तरी हातची बात अजून गेली नाही. मी त्या 'तरी' वर दिवस काढून राहिलो.

माही जखम भरली, पण हळू. रोज ड्रेसिंग, साखरेवर लक्ष, डाळ-अंडी खाणं, हाताले पट्ट्या गुंडाळणं अन् फिजिओथेरपिस्ट सांगेल तशी बोटांपासून खांद्याकडे हलकी मालिश. कडेनं थोडी थोडी लाल कातडी आत सरकत गेली. एका सकाळी कुंदानं पट्टी काढली अन् तिचा आवाज बदलला, तेव्हा मले समजलं का सुकी आहे. रेडिएशन झालं. उशिरा झालं, त्याचं काय होते ते पुढं दिसेल. हात अजून सुजते, बाही ढिली शिवतो. पोराले फोनवर सारं सांगतलं, तोही तपासणी करून घेऊन राहिला. कुंदाचे उपकार मानले तर ती चिडते, म्हणून इथं मानतो.

अक्काचं मात्र वेगळंच झालं. केस गेले, डोक्याले रुमाल बांधते, अन् जी गोष्ट आयुष्यभर कोणाले सांगतली नाही ती आता गल्लीभर सांगते. परवा तिले रायपूरले न्याले ऑटो घेऊन गेलो तर खोलीत शेजारच्या बाया बसलेल्या. त्यांनी विचारलं, कायका ऑपरेशन होगा, दीदी? मी सवयीनं खाली पाह्यलं. अक्का सरळ बोलली, "कॅन्सर है, छाती का. मेरे भाई को भी हुआ, ये बैठा है. मेरी माँ भी इसी से गई."

बाया थोड्या वेळानं एक एक करून उठल्या, अक्काच्या हाताले हात लावून गेल्या. एक शेजारीण उठली नाही. खाली मान घालून, बोटाले पदर गुंडाळत बसून राहिली. अक्कानं तिच्याकडे पाह्यलं, मंग माह्याकडे पाह्यलं. म्हणाली, मधू, तू बाहेर बस जरा, दार लावून घे.

मी दार लावलं. बाहेर ऑटोवाला घाई करून राहिला होता. त्याले म्हटलं, थांब भाऊ, एक सवारी वाढेल.